पाचशे डॉलरचा दंड आणि नायगाराचा पूल : दारू पिऊन गाडी चालवल्याची जुनी नोंद घेऊन कॅनडात शिरताना

(नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कलमं, तारखांचा क्रम आणि कागदपत्रं जशी होती तशीच ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

समीर हा पश्चिम न्यूयॉर्कमध्ये राहणारा, पन्नाशीला टेकलेला इंजिनिअर. पासपोर्ट भारतीय, हातात अमेरिकेचं ग्रीन कार्ड. जानेवारी २०१९च्या तिसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीहून घरी येताना पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. अपघात नव्हता, कुणाला इजा नव्हती. श्वासाच्या चाचणीत आकडा (रक्तातल्या अल्कोहोलची टक्केवारी) आला ०.०९. न्यूयॉर्कमध्ये मर्यादा ०.०८ आहे. ठाण्यावर बोटांचे ठसे घेतले गेले आणि राज्याच्या वाहन कायद्याच्या कलम ११९२, पोटकलम २ आणि ३ खाली आरोप लागले. हे दोन्ही गुन्हे मिसडिमिनर, म्हणजे रीतसर फौजदारी.

मार्चमध्ये वकिलाने तडजोड करून दिली. दोन्ही आरोपांऐवजी समीरने पोटकलम १ मान्य केलं, ज्याला तिथे डीडब्ल्यूएआय (ड्रायव्हिंग व्हाइल अबिलिटी इम्पेअर्ड) म्हणतात. दारूमुळे गाडी चालवण्याची क्षमता थोडी जरी कमी झाली असेल तरी हे कलम लागतं. पहिल्या वेळेला ३०० ते ५०० डॉलर दंड, जास्तीत जास्त १५ दिवस कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स ९० दिवस निलंबित. समीरला कैद झाली नाही. दंड ५०० डॉलर, त्यावर कोर्टाचा सरचार्ज (दंडाशिवायची वाढीव रक्कम), ९० दिवस लायसन्स बंद आणि सात आठवड्यांचा मद्यपी चालकांसाठीचा वर्ग. याशिवाय वाहन खात्याने वर्षाला २५० प्रमाणे तीन वर्षं वेगळी आकारणी केली. ती कोर्टाच्या शिक्षेचा भाग नव्हती. हा फरक पुढे कामाला आला.

वकिलाने निघताना सांगितलं, ‘हा क्राइम नाही. ट्रॅफिक इन्फ्रॅक्शन आहे, नुसता वाहतुकीचा नियमभंग.’ न्यूयॉर्कपुरतं हे अक्षरशः खरं होतं. नोकरीच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारलं की ‘नाही’ लिहिता येत होतं, आणि चार वर्षं तो तसंच लिहीत आला.

दंड त्याच दिवशी भरला गेला. सरचार्जला कोर्टाने मुदत दिली होती. मधल्या काळात समीरने घर बदललं, आठवणीचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि ती रक्कम शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये भरली गेली. तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुलावर काय घडलं

जुलै २०२३. आई-बाबा भारतातून आलेले. नायगारा अमेरिकेच्या बाजूने पाहून झाला होता, पण धबधब्याचा समोरून देखावा दिसतो तो कॅनडाच्या काठावरून. शिवाय मावसबहीण मिसिसागाला. आई-बाबांचे कॅनडाचे व्हिसा आधीच काढून ठेवले होते. समीरला व्हिसाची गरज नव्हती आणि ईटीएची (विमानाने येणाऱ्यांना लागणाऱ्या ऑनलाइन पूर्वपरवानगीची) ही नव्हती. २६ एप्रिल २०२२ पासून ग्रीन कार्डधारकाला स्वतःच्या देशाचा वैध पासपोर्ट आणि वैध ग्रीन कार्ड दाखवलं की पुरतं.

मेख इथेच आहे. व्हिसाचा फॉर्म भरणाऱ्याला अटक, खटला, शिक्षा यांबद्दल आधीच विचारलं जातं. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांना आधी कुणीच काही विचारत नाही. त्यांच्यासाठी पहिला प्रश्न आणि पहिली तपासणी थेट बूथच्या खिडकीत होते, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना.

नायगाराच्या रेनबो ब्रिजवर कॅनडाच्या अधिकाऱ्याने विचारलं, कधी अटक झाली आहे का, शिक्षा झाली आहे का? समीर म्हणाला, ‘नाही.’ पासपोर्ट स्कॅन झाला, पिवळी चिठ्ठी हातात आली आणि गाडी बाजूला लावून आत जायला सांगितलं गेलं.

आत काउंटरवरच्या दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर एफबीआयची नोंद उघडी होती. कॅनडाच्या सीमा अधिकाऱ्यांना ती दिसते. त्यात जानेवारी २०१९ची अटक होती, दोन्ही मूळ आरोप होते आणि निकालाचा रकाना कोरा होता. ठसे घेतले की अटकेची नोंद वर जाते. छोट्या टाउन कोर्टातला निकाल मागाहून त्याच नोंदीला जोडला जाईलच असं नाही. म्हणजे पडद्यावर जे दिसत होतं ते प्रत्यक्षापेक्षा वाईट होतं, आणि समीरकडे ते खोडून काढायला एकही कागद नव्हता.

त्याहून मोठा धोका त्या ‘नाही’मध्ये होता. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यातलं कलम ४० महत्त्वाची गोष्ट चुकीची सांगणाऱ्याला पाच वर्षं बंदी घालतं, मूळ गुन्हा केवढाही असो. प्रश्न अटकेबद्दलही होता आणि अटक तर झालीच होती. काउंटरवर पहिला प्रश्न आल्याबरोबर समीरने सगळं सांगून टाकलं : तारीख, आकडा, तडजोड, दंड. आपण ‘क्राइम’चा विचार करून उत्तर दिलं हेही सांगितलं. अधिकाऱ्याने खोटेपणाचा मुद्दा पुढे नेला नाही. नेला असता तर आक्षेप घ्यायला फारशी जागा नव्हती.

सुमारे अडीच तासांनी पर्याय समोर ठेवला गेला : प्रवेशाचा अर्ज आपणहून मागे घ्या आणि परत जा. त्यासाठी आयएमएम १२८२बी नावाचा एक पानी फॉर्म असतो. समीरने सही केली, आणि ते बरोबर केलं. मागे घेतला नसता तर अधिकारी अपात्रतेचा अहवाल लिहून प्रकरण सुनावणीला पाठवू शकला असता. तिथून डिपोर्टेशनचा आदेश निघाला, तर पुढे परतायला वेगळी लेखी परवानगी लागते.

आई-बाबांना आत जायला हरकत नव्हती, पण गाडी समीरची. सगळेच मागे फिरले. अमेरिकेच्या बूथवर पुन्हा चौकशी झाली आणि ग्रीन कार्ड पाहून सोडलं. वाटेत बाबांनी विचारलं, ‘अरे, तुला तर नुसता दंड झाला होता ना?’

गुन्हा ठरवतं कोण

कॅनडाच्या दृष्टीने न्यूयॉर्क त्या कृत्याला काय म्हणतं याला फार किंमत नाही. अधिकारी विचारतो : हेच कृत्य कॅनडात झालं असतं तर कोणतं कलम लागलं असतं आणि त्याला कमाल शिक्षा किती?

कॅनडाच्या फौजदारी संहितेत कलम ३२०.१४ मध्ये दारूमुळे क्षमता ‘कोणत्याही प्रमाणात’ कमी होणं हा गुन्हा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्टेलाटो खटल्यात ही पातळी आधीच्या कायद्यासाठी स्पष्ट केली होती : थोडी कमी झाली तरी पुरे. न्यूयॉर्कचं पोटकलम १ हेच म्हणतं, ‘थोड्या प्रमाणात जरी’. दोन वाक्यं शेजारी ठेवली की समांतर कलम शोधत बसावं लागत नाही. शिवाय समीरचा चाचणीचा आकडा कॅनडाच्या ८० मिलिग्रॅमच्या (१०० मिलिलिटर रक्तात, म्हणजे ०.०८ च्या) रेषेच्याही वर होता.

मग तारखेचा प्रश्न. १८ डिसेंबर २०१८ रोजी कॅनडाने दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षं केली. इमिग्रेशन कायद्यात दहा वर्षं हाच उंबरठा आहे. कमाल शिक्षा तिथे पोचली की साधी ‘क्रिमिनॅलिटी’ राहत नाही, ती ‘सीरियस क्रिमिनॅलिटी’ होते. प्रत्यक्षात शिक्षा किती झाली हे इथे बघितलं जात नाही. सरकारी वकिलाने सौम्य मार्गाने खटला चालवला असता का, हेही नाही. दोन्ही मार्गांनी चालू शकणारा गुन्हा गंभीर मार्गाचाच धरला जातो.

समीरची अटक त्या तारखेनंतर जेमतेम महिन्याभराने झाली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली असती, तर गुन्हा साधा राहिला असता. शिक्षा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी तो आपोआप निवळला असता, ज्याला तिथे डीम्ड रिहॅबिलिटेशन म्हणतात. अर्जाची फीही बरीच कमी लागली असती. नंतर झाल्यामुळे आपोआप निवळण्याचा रस्ता कायमचा बंद. वीस वर्षं गेली तरी नोंद तशीच राहते.

एवढ्या छोट्या दंडाला एवढं मोठं नाव लागणं कुणालाही अन्यायाचं वाटेल, आणि समीरला वाटलंच. पण काउंटरवर ‘माझ्या राज्यात हा गुन्हाच नाही’ हा युक्तिवाद चालत नाही. उलट, कायदा न वाचता आलेला माणूस अशी छाप पडते.

पर्याय

घरी आल्यावर पहिला फोन न्यूयॉर्कच्या जुन्या वकिलाला गेला. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की कॅनडाचा कायदा हे त्याचं काम नाही. ओंटारिओत परवाना असलेला इमिग्रेशन वकील शोधला गेला. टेबलावर हे पर्याय आले.

*दुसऱ्या पुलावरून जाऊन बघणं.* नातेवाइकांचा आवडता सल्ला. लुइस्टनला जा, पीस ब्रिजला जा, रात्री जा, गाडी बायकोला चालवू दे. सगळ्या पुलांवर यंत्रणा एकच, आणि आता त्यात जुलैची माघारही नोंदलेली. स्टिअरिंगवर कोण आहे याचाही संबंध नाही, मागच्या सीटवर झोपलेला प्रवासीसुद्धा तितकाच अपात्र. विमानाने जाणं त्याहून वाईट, कारण नकार मिळाला तर परतीच्या विमानापर्यंत विमानतळावर अडकून पडावं लागतं.

*न्यूयॉर्कमधली नोंद सील करून घेणं, म्हणजे इतरांना दिसणार नाही अशी बंद करणं.* राज्याच्या कायद्यात बिगर-फौजदारी निकाल सील करण्याची तरतूद होती, पण ११९२ चं पोटकलम १ त्यातून मुद्दाम वगळलेलं. म्हणजे इन्फ्रॅक्शन असूनही साध्या इन्फ्रॅक्शनची सवलत नाही. आणि सील झालं असतं तरी एफबीआयची नोंद पाहून बसलेल्या अधिकाऱ्यासमोर त्याचा कितपत उपयोग झाला असता, हा प्रश्न होताच.

*दोन्ही कलमं सारखी नाहीत असं वकिलाचं मतपत्र.* काही राज्यांतल्या रेकलेस किंवा निष्काळजी ड्रायव्हिंगच्या निकालांत अशा पत्राला अर्थ असतो. इथे स्टेलाटोनंतर जागा उरत नव्हती. वकिलाने स्वतःच हा पर्याय काढून टाकला, आणि तेव्हाच तो भरवशाचा आहे हे कळलं.

*क्रिमिनल रिहॅबिलिटेशन.* माणूस सुधारला आहे असं कॅनडा सरकारने अर्जावरून मान्य करणं. हा कायमचा इलाज. एकदा मंजूर झालं की ती नोंद प्रवेशाच्या आड येत नाही, नवा गुन्हा होईपर्यंत. अट अशी की शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झालेली हवीत. ‘पूर्ण’ म्हणजे सगळी : दंड, कैद, प्रोबेशन, गाडी चालवण्याची बंदी, यांतलं जे सर्वांत शेवटी संपलं ते. हप्त्यांनी भरलेल्या रकमेत शेवटच्या भरण्याची तारीख धरतात. लायसन्सचं निलंबन जून २०१९ मध्ये संपलं होतं, पण सरचार्ज ऑक्टोबरमध्ये भरला गेला. म्हणून घड्याळ ऑक्टोबरपासून, आणि पात्रता ऑक्टोबर २०२४. वाहन खात्याची तीन वर्षांची आकारणी मात्र प्रशासकीय होती. ती चुकून शिक्षेत धरली असती तर तारीख आणखी दोन-तीन वर्षं पुढे गेली असती.

*टेम्पररी रेसिडेंट परमिट.* टीआरपी म्हटलं की आपल्याला मालिका आठवतात. इथे तो अपात्र माणसाला ठरावीक कामासाठी, ठरावीक दिवसांसाठी आत सोडणारा कागद. जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळू शकतो, पण सीमेवर बहुतेकदा प्रवासापुरताच देतात. बाहेर पडलं की संपतो, पुन्हा येण्याची मुभा त्यात लिहिलेली नसेल तर. आधी कॅनडाच्या कार्यालयात अर्ज करता येतो, किंवा अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक थेट सीमेवर मागू शकतात. २०१२ पासून कैद न झालेल्या एका साध्या गुन्ह्यासाठी पहिला परमिट विनाफी देण्याचं धोरण होतं, पण ‘सीरियस’ शिक्का बसलेल्याला ते लागू नव्हतं.

२०२३च्या उन्हाळ्यात निर्णय झाला तो थांबण्याचा. फिरायला जायचंय, हे परमिटसाठी पुरेसं कारण नसतं. अधिकारी तराजूच्या एका पारड्यात गरज टाकतो, दुसऱ्यात धोका. नुसत्या धबधब्याने पारडं खाली जात नाही.

काय केलं

फेब्रुवारी २०२४ मध्ये मिसिसागाच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, तारीख जूनची. बहिणीला सख्खा भाऊ नाही. नवरीचा मामा समीरच.

आधी कार्यालयात अर्ज करायचा की सीमेवर मागायचं? कार्यालयीन अर्जाचा फायदा असा की नकार मिळाला तर घरबसल्या मिळतो. तोटा असा की चार महिन्यांत उत्तर येईल याची खात्री नाही, आणि अर्ज अडकलेला असताना पुलावर गेलं तर अधिकारी ‘निकालाची वाट बघा’ म्हणू शकतो. सीमेवर निकाल त्याच दिवशी, पण नकार मिळाला तर फी गेली आणि लग्नही गेलं. वकिलाचा कल सीमेकडे होता, एका अटीवर : फाइल अशी हवी की अधिकाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये.

फाइल जमवायला दहा आठवडे लागले, त्यातले पाच टाउन कोर्टात गेले. अशी कोर्टं अर्धवेळ चालतात आणि कारकून आठवड्यातून थोडेच तास असतो. पहिल्यांदा मिळाला तो संगणकातून काढलेला साधा उतारा. तो चालत नाही. सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट ऑफ डिस्पोझिशन (निकालाचा दाखला) हवं, ज्यात मूळ आरोप, मान्य केलेलं पोटकलम, शिक्षा आणि तारीख एकाच पानावर असतात. ते आलं, पण त्यात दंड भरल्याची तारीख होती आणि सरचार्जची नव्हती. पुढच्या रिहॅबिलिटेशनच्या अर्जाचा सगळा डोलारा त्याच तारखेवर उभा राहणार होता, म्हणून कारकुनाकडून ती वेगळ्या पत्रावर लिहून घेतली. तीन प्रती मागितल्या. अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जातही अटकेबद्दल विचारतात आणि तिथेही हेच कागद लागतात.

बाकीची फाइल अशी लागली. सर्वांत वर एक पानी पत्र : मी कोण, काय झालं होतं, आता का यायचंय, कधी येणार, कधी जाणार. त्याखाली कोर्टाचे दाखले, कलम ११९२ चा मजकूर छापून, सात आठवड्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र, वाहन खात्याचा आयुष्यभराचा ड्रायव्हिंग उतारा, एफबीआयचा अहवाल (फी १८ डॉलर), मालकाचं पत्र, राहण्याचा पत्ता. एफबीआयच्या अहवालात निकालाचा रकाना अजून कोराच होता. त्या पानाला पिवळी पट्टी चिकटवून ‘निकाल पुढच्या पानावर’ असं लिहिलं आणि लगेच मागे कोर्टाचा दाखला लावला. अधिकाऱ्याची नजर अडणार ती इथेच, म्हणून.

मग लग्नपत्रिका. ती मराठीत. ‘श्री कृपेकरून’पासून ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं देवनागरी, आणि समीरचं नाव एका ओळीत बारीक अक्षरात. कॅनडाला इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतर लागतं, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह. पहिल्या भाषांतरात ‘मामा’चं नुसतं ‘अंकल’ झालं होतं, आणि अंकल तर लग्नाला शंभर असतात. बदलून लिहिलं : आईचा भाऊ, जो विधीत नवरीला मांडवात घेऊन येतो. पत्रातही हेच एका वाक्यात आलं. बहिणीने वेगळं पत्र दिलं की हे काम करायला घरात दुसरा कुणी नाही. परमिटची गरज खरं तर या एका नात्यावर उभी होती, आणि ते नातं इंग्रजीत आपोआप दिसत नाही.

लग्न शनिवारी. समीर आणि त्याची बायको मंगळवारी सकाळी साडेआठला पीस ब्रिजवर पोचले. शुक्रवारची संध्याकाळ मुद्दाम टाळली : गर्दीत, पाळी बदलताना कुणाला तीस पानांची फाइल वाचायला वेळ नसतो. गाडी बायको चालवत होती आणि कॅनडात तीच चालवेल असं पत्रात लिहिलं होतं. नकार मिळाला तर ती एकटी पुढे जाणार, हेही ठरलेलं. बूथवर समीरने विचारायच्या आधीच सांगितलं की तो अपात्र आहे, परमिट मागायला आलाय, कागद सोबत आहेत.

निकाल

आत साडेतीन तास गेले. अधिकाऱ्याने दोनच गोष्टी विचारल्या : २०१९ नंतर पुन्हा पोलिसांशी संबंध आला का, आणि मागच्या वर्षी बूथवर ‘नाही’ का म्हणालात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पत्रात दोन ओळींत लिहिलेलंच होतं. तेच समीरने तोंडी सांगितलं, सारवासारव न करता. सुमारे २३० कॅनेडियन डॉलर फी भरून सात दिवसांचा, एका प्रवेशाचा परमिट मिळाला. वकिलाने तीन वर्षांचा मागून बघायला सुचवलं होतं. समीरने मागितला नाही. मागणी लग्नाएवढीच ठेवल्याने काम सोपं झालं असा आमचा अंदाज आहे, पण याला दुसरी बाजू आहे, ती खाली येते.

ऑक्टोबर २०२४ उलटल्यावर नोव्हेंबरमध्ये रिहॅबिलिटेशनचा अर्ज गेला : फॉर्म आयएमएम १४४४, ‘सीरियस’ वर्गाची फी सुमारे १,१५० कॅनेडियन डॉलर. साध्या वर्गाची तेव्हा परमिटइतकीच होती. वयाच्या अठराव्या वर्षापासून सहा महिन्यांहून जास्त जिथे जिथे राहिला तिथले पोलीस दाखले लागले : न्यूयॉर्क, त्याआधीचं न्यू जर्सी, आणि भारत. भारताच्या दाखल्याला वेळ लागला, कारण जुन्या पासपोर्टवरचा पत्ता आणि आताचा पत्ता जुळत नव्हता.

सर्वांत जास्त खाडाखोड झाली ती स्वतःच्या निवेदनावर. पहिल्या मसुद्यात ‘दोनच ग्लास घेतले होते’, ‘यंत्राचा आकडा जेमतेम वर होता’, ‘थंडीत टॅक्सी मिळत नव्हती’ अशी वाक्यं होती. सगळी खरी आणि सगळी घातक. अधिकारी त्यात एवढंच वाचतो की माणूस अजून वाद घालतोय. शेवटच्या मसुद्यात उरलं ते असं : किती प्यालो, गाडी चालवायचा निर्णय माझा होता, त्यानंतर काय बदललं. बदल मोजता येण्यासारखे दिले : नवं मद्यपान-मूल्यांकन, पाच वर्षांचा स्वच्छ ड्रायव्हिंग उतारा, तीन ओळखीच्यांची पत्रं. पत्रं लिहिणाऱ्यांना गुन्हा माहीत आहे हे त्या पत्रांत लिहिलेलं होतं. नसतं तर ती नुसती शिफारसपत्रं ठरली असती.

अकरा महिन्यांनी मंजुरी आली.

वेगळं काय करता आलं असतं

२०१९ची तडजोड चुकीची होती का? फारशी नाही. ११९२ खाली आरोप लागला की न्यूयॉर्कचा कायदा तडजोडही त्याच कलमाच्या आत ठेवायला लावतो, अपवाद थोडे. पोटकलम १ हेच हाती येण्यासारखं होतं. चूक वेगळी होती : सीमेपासून तासाभरावर राहणाऱ्या, पलीकडे नातेवाईक असणाऱ्या माणसाने ‘याने कॅनडात काय होईल’ हा प्रश्न तेव्हा विचारलाच नाही. विचारला असता तर सरचार्ज त्याच दिवशी भरला असता आणि घड्याळ जूनपासून सुरू झालं असतं. त्या पावतीने चार महिने खाल्ले.

जून २०२४च्या परमिटबद्दल आमच्यात एकमत नाही. पात्रता चार महिन्यांवर आली होती आणि रिहॅबिलिटेशनला वर्ष लागू शकतं हे माहीत होतं. मधल्या काळात पुन्हा जाण्याची गरज पडणारच होती, आणि पडलीही : डिसेंबरमध्ये मावशी आजारी पडली आणि समीर जाऊ शकला नाही. अनेक प्रवेशांचा, वर्षाचा परमिट मागितला असता तर? नकार आला असता तर लग्न गेलं असतं. मधला रस्ता होता : लग्नापुरता परमिट मागायचा, पण ‘रिहॅबिलिटेशनचा निकाल लागेपर्यंत पुन्हा येण्याची मुभा मिळाली तर बरं’ अशी एक ओळ दुय्यम विनंती म्हणून टाकायची. अधिकारी ती खोडून उरलेलं देऊ शकला असता. ती ओळ टाकायला हवी होती.

२०२३ची ती सहल मात्र सहज वाचवता आली असती. एफबीआयचा अहवाल १८ डॉलरला कुणालाही स्वतःचा मागवता येतो. पुलावर अधिकारी काय बघणार आहे ते त्यात आधीच दिसतं, कोऱ्या रकान्यासकट.

मंजुरीचं पत्र असूनही समीरला अजून बहुतेक वेळा आत पाठवतात, कारण जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत, त्यांच्यावर नवी नोंद चढते. म्हणून मूळ पत्र पासपोर्टच्या पाकिटात असतं, आणि बूथवर अटकेबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘हो, एकदा, जानेवारी २०१९, न्यूयॉर्क. रिहॅबिलिटेशन मंजूर आहे, हे पत्र.’ मागच्या वेळी आतलं काम वीस मिनिटांत आटोपलं.